‘जुनी झाडं एकदाच काढा’ म्हणणाऱ्यांना उत्तर : कमाटीबाग आणि दुतर्फा झाडी

बडोद्यात पावसाळा जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : कमाटीबाग 1879 ची, तिथल्या रस्त्यांकडेची झाडं म्हातारी आणि पोकळ झाली आहेत, कुणाचा तरी जीव घेतील. तूर्त शेंडे छाटा, ढोलींत सिमेंट भरा, मग सगळी एकदाच काढून लवकर वाढणारी झाडं लावा. पाच वर्षांत सावली परत. काळजी खरी आहे, झाड पडून माणसं दगावतात. पण सुचवलेल्या उपायांनी धोका वाढतो.

‘पोकळ झाड पडणारच.’ खोडाला वाऱ्यासमोर उभं ठेवतं ते मुख्यतः बाहेरचं लाकूड. एक मीटर व्यासाच्या गोल खोडात मधोमध 70 सेंटीमीटरची पोकळी असेल, तरी वाकण्याला तोंड देण्याची ताकद सुमारे 24 टक्केच घटते. तीन चतुर्थांश शिल्लक राहते. शाबूत लाकडाची भिंत त्रिज्येच्या 30 टक्क्यांपेक्षा पातळ झाली, किंवा ढोली एका बाजूला मोठी उघडी पडली, तर मात्र झाड धोक्याच्या यादीत घ्यायचं. म्हणजे भिंत मोजली पाहिजे. आधी लाकडी हातोडीने खोडाभोवती ठोकून पोकळ आवाजाच्या जागांवर खडूने खुणा करायच्या, मग तेवढ्याच ठिकाणी ध्वनिलहरींच्या यंत्राने किंवा सुईसारख्या बारीक ड्रिलने जाडी घ्यायची. नुसतं बघून ‘काढा’ म्हणणं ही तपासणी नव्हे.

खरा घात बहुतेक वेळा जमिनीखाली होतो, आणि त्याबद्दल संदेशात एक अक्षर नाही. झाडाची बहुतांश मुळं वरच्या 60 सेंटीमीटर मातीत पसरलेली असतात. छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास, त्याच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ खोदकामापासून जपायचं असतं. 60 सेंटीमीटर खोडासाठी 7.2 मीटर. बागेत केबलचा चर किंवा नव्या पदपथाची कड या वर्तुळातूनच जाते. मुळं तुटतात, तिथून कूज शिरते, झाड दोन-तीन पावसाळ्यांनी पडतं, तोवर चर कुणाच्या लक्षातही नसतो आणि खापर वयावर फुटतं. वर बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं ते याचसाठी. त्यात बागेला विश्वामित्री नदीचा काठ : 2024 च्या ऑगस्टसारखा पूर आला की भिजलेल्या मातीची पकड ढिली होते, आणि ज्या बाजूची मुळं तुटलेली असतात तिथे झाडाला आधारच उरत नाही.

पावसाळ्याआधी पाहायचं ते हे : बुंध्याच्या तळाशी फळीसारखी वाढलेली टणक तपकिरी अळंबी (गॅनोडर्मा), वाऱ्यात एका बाजूची उचलली जाणारी माती, नव्याने आलेला कल, फांद्यांच्या बेचक्यातली ताजी भेग. यातलं काही दिसलं तर त्या झाडाखालची वाट त्याच दिवशी बंद करावी, आणि तपासणीत ठरलं तर ते झाड काढावं. जुनं आहे म्हणून ते राखायचा हट्ट आमचा नाही.

‘शेंडे छाटले की धोका टळतो.’ एक-दोन वर्षंच. शेंडा उडवल्यावर कापाच्या कडेने धुमाऱ्यांचा झुपका येतो. हे धुमारे सालीलगतच्या पातळ थरातून फुटलेले असतात, त्यांची पकड कच्ची. खाली उघडं लाकूड कुजत जातं, वर फांदी जड होत जाते. रॉयल पामला तर वाढीचा एकच कोंब असतो, तो छाटला की झाड मेलं. भार कमी करायचाच तर मोजक्या फांद्या तीन कापांत उतरवाव्यात : खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या थोडं पुढे वरून काप, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. कडं शाबूत राहिलं तरच जखम भरते. डांबर, रंग काही लावू नये.

सिमेंटबद्दल थोडक्यात : खोड वाऱ्यात वाकतं, सिमेंट वाकत नाही. दोघांत फट पडते, पाणी साचतं, कूज चालूच राहते, आणि पुढे झाड कापताना करवत तुटते ती वेगळीच. वडाला आधार द्यायचा तर पारंब्या छाटणं थांबवावं. मातीने भरलेल्या उभ्या चिरलेल्या बांबूतून त्या जमिनीपर्यंत नेता येतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं बुरशीने पोखरलेलं मूळ खोड 1925 मध्ये काढलं, वड आजही पारंब्यांवर उभा आहे.

‘सगळी एकदाच काढा, लवकर वाढणारी लावा.’ एकाच वयाची, एकाच जातीची झाडं एकदम म्हातारी होतात आणि एकाच रोगाला बळी पडतात. इंग्लंडमधल्या विंडसरच्या ‘लाँग वॉक’ या दुतर्फा झाडीच्या रस्त्यावरचे एल्म वृक्ष दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असेच सरसकट काढावे लागले. ‘लवकर वाढणारं’ म्हणून लावलेल्या कोनोकार्पसवर तर गुजरात सरकारनेच 2023 मध्ये बंदी घातली.

पण याचं उलट टोकही चूक आहे. प्रत्येक रिकाम्या जागी एकेक रोप खोचलं तर ते मोठ्या झाडांच्या सावलीत उजेडाकडे वाकडं वाढतं आणि शेजारच्या मुळांपुढे उपाशी राहतं. म्हणून रस्त्याचे टप्पे पाडावेत. ज्या टप्प्यात सर्वांत जास्त झाडं तपासणीत नापास झाली, तो दोन्ही बाजूंनी एकदम नव्याने लावावा, पुढचा सात-आठ वर्षांनी. एका टप्प्यात एकच जात, म्हणजे रांगेचं रूप टिकतं, पुढच्यात दुसरी. कोरड्या भागात खिरणी, बकुळ, कडुनिंब, नदीकडे अर्जुन.

रोपं अडीच-तीन मीटरची, अंतर आठ ते दहा मीटर. खड्डा रुंद, पण मुळांच्या गठ्ठ्याहून खोल नको, नाहीतर रोप खचतं. चिकण मातीत खड्ड्याच्या गुळगुळीत भिंती खरवडाव्यात. पिशवीत गोल फिरलेली मुळं कापावीत, खोड जिथे मुळांकडे पसरतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. पालापाचोळ्याचा दहा सेंटीमीटर थर द्यावा, बुंध्यापासून वीतभर दूर. पहिले तीन उन्हाळे दर आठवड्याला 40-50 लिटर पाणी. ठेकेदाराचं शेवटचं बिल लावणीनंतर न देता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जगलेली रोपं मोजून द्यावं.