बांबू पाच वर्षं जमिनीखाली लपून बसत नाही

एखाद्या परीक्षेची यादी लागली की नातेवाइकांच्या ग्रुपवर ही गोष्ट हमखास फिरते. चिनी बांबूचं बी पेरा, पाच वर्षं रोज पाणी घाला, जमिनीवर काहीच दिसत नाही. मग सहा आठवड्यांत तो नव्वद फूट वाढतो. पाच वर्षं तो खाली मुळं पसरत असतो. तेव्हा धीर धरा, तुमचाही बांबू उगवेल. पाठवणाऱ्याची माया खरी असते, पण गोष्ट खोटी आहे. स्पर्धा परीक्षेत चौथ्या-पाचव्यांदा बसणाऱ्या पोरापोरींचं ती नुकसान करते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

‘पाच वर्षं काहीच दिसत नाही.’ बांबू हे गवत आहे. ताजं बी ओल मिळाली की काही आठवड्यांत रुजतं आणि गवतासारखंच रोप वर येतं. बियातला साठा जेमतेम रुजण्यापुरता असतो. हिरवी पानं उन्हात आल्याशिवाय खालच्या कंदाला अन्न मिळणार कुठून? पाच वर्षांत काहीच वर आलं नसेल तर ते बी केव्हाच मेलेलं आहे, त्याला पाणी घालणं थांबवायला हवं.

‘मुळं खोल खोल जात असतात.’ नाही. बांबूचे कंद आणि बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच आडवी पसरतात.

‘मग एकाएकी नव्वद फूट.’ यात थोडं तथ्य आहे. मोठ्या जातींचा कोंब एका दिवसात तीन फुटांच्या आसपास वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो. पण तो कोंब असतो बांबूच्या जुन्या, भरलेल्या बेटाचा, म्हणजे एकत्र वाढलेल्या काठ्यांच्या झुबक्याचा. आधीच्या काठ्यांच्या पानांनी कंदात साठवलेल्या अन्नावर तो वाढतो. कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो तेवढाच जन्मभर राहतो. पहिल्या वर्षीची करंगळीएवढी काठी पुढे कधीच जाड होत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्याहून जाड, उंच कोंब येतात, तिसऱ्यात आणखी. कोकणात माणगा जातीचा बांबू लावणारा शेतकरी तोडीसाठी चार-पाच वर्षं थांबतो हे खरं, पण दर पावसाळ्यात तो बेटात वाकून नवे कोंब बघतो. बारीक निघाले तर शेणखत, मातीची भर, पाणी यांत काहीतरी बदलतो. मला धीर म्हणून हे मान्य आहे.

‘म्हणून तुम्हीही थांबा.’ हा मुद्दा सगळ्यात घातक. नागरी सेवा परीक्षा 2023 साठी 10,16,850 जणांनी अर्ज केले आणि 5,92,141 जण पूर्वपरीक्षेला बसले. त्यातले 14,624 मुख्य परीक्षेला पात्र ठरले, 2,855 मुलाखतीपर्यंत पोचले आणि 1,016 जणांची शिफारस झाली. पुण्यातल्या अभ्यासिकेत बसलेल्या, कष्टात कुठेही कमी न पडलेल्या बहुतेकांचं नाव त्या यादीत येणार नाही, आणि तो त्यांच्या धीराचा दोष नाही. खुल्या गटाला सहाच प्रयत्न आणि 32 वर्षांची मर्यादा आहे. यातली पाच वर्षं ‘खाली मुळं वाढताहेत’ या भरवशावर गेली तर हातात उरतं काय?

खरा कोंब इथेही दिसतो. पूर्वपरीक्षेचे गुण दर वर्षी वाढताहेत का? पूर्व पार झाली का, मुख्यला कोणता पेपर मागे ओढतो, मुलाखतीपर्यंत मजल गेली का? एक पायरी वर सरकली असेल तर आणखी एक वर्ष द्यायला जरूर पाठबळ द्या, घरून पैसे पाठवा, लग्नाचा विषय काढू नका. तीन प्रयत्नांत गुण तिथल्या तिथे असतील, तर त्या मुलीला गोष्ट पाठवू नका, फोन करा. गुणपत्रिका सोबत बसून वाचा, पद्धत बदलायची की दुसरी वाट धरायची ते विचारा, आणि दुसरी वाट धरली तरी घरात तिचं स्थान तेच राहील हे स्पष्ट शब्दांत सांगा.