पंच्याण्णव की शंभर

गेल्या शनिवारी संध्याकाळी, महाद्वार रोडलगतच्या एका होजिअरीच्या दुकानात, भर गर्दीच्या वेळी, मला पँटवरून लंगोट बांधण्यात आला. हे वाक्य लिहिताना माझे कान अजूनही तापतात. परंतु तो सोहळा पाहणाऱ्यांपैकी एका गृहस्थाचे खाते माझ्याच बँकेत असल्यामुळे प्रकरण दडपण्यात आता काही अर्थ उरलेला नाही.

वयाची सत्तेचाळीस वर्षे मी स्वतःची चड्डी स्वतः विकत घेतलेली नव्हती. आधी ती आई आणत असे, नंतर पत्नी आणू लागली, आणि दर दिवाळीला उटण्याच्या पुडीबरोबर तीन नग निमूटपणे कपाटात येऊन पडत असत. या व्यवस्थेला यंदाच्या पावसाने सुरुंग लावला. कोल्हापुरात आठवडेच्या आठवडे कपडे वाळेनात, दमट कपडे तसेच अंगावर चढवून मी कचेरी गाठत राहिलो, आणि व्हायचे तेच झाले. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले मलम मी महिनाभर चोळले. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ती ट्यूब दोन बोटांत धरून विचारले, "यात स्टेरॉईड आहे, हे माहीत आहे ना? खाज थांबते आणि गजकर्ण पसरत राहते." मग त्यांनी कागदावर औषधे लिहिली आणि तळाशी मोठ्या अक्षरांत 'सुती, सैल, पूर्ण वाळलेली' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "आणि स्वतः जाऊन निवडा. सैल म्हणजे किती सैल, हे बायकोला कसे कळणार?" बायको शेजारीच बसलेली होती. तिने अत्यंत समाधानाने मान हलवली.

तर दुकान. छताला एक चौकोनी भोक, त्या भोकातून लोंबकळणारे माळ्यावरच्या पोराचे दोन पाय, आणि खाली गल्ल्याशी शेठ. मालाचे नाव खालून ओरडायचे आणि वरून खोका झेलायचा, अशी तिथली पद्धत. बुडीत कर्जाविषयी शाखेत ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात मी म्हणालो, "अंडरवेअर दाखवा."

"कुणासाठी?"

"मला."

"कट, ट्रंक का बॉक्सर? इलास्टिक आतलं का बाहेरचं? साईज?"

आतले इलास्टिक म्हणजे कापडाच्या नेफ्यात शिवलेले, कातडीला न लागणारे. बाहेरचे म्हणजे उघडा रुंद पट्टा, ज्यावर कंपनीचे नाव एवढ्या ठसठशीत अक्षरांत विणलेले असते की ते नेमके कोणी वाचावे अशी अपेक्षा आहे, हे मला कधीच उमगलेले नाही. मी आतले म्हणालो. साईज मात्र माहीत नव्हती. पँट छत्तीसची आहे, एवढे सांगितले.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण तिचा निवाडा कोणीतरी करायलाच हवा. या देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला. चड्डीने तो इमानेइतबारे पाळला आणि सेंटीमीटर स्वीकारले. पँट मात्र अजून इंचांतच नांदते आहे. परिणामी एकाच कमरेवर, एकावर एक, दोन राजवटी सुखेनैव चालू आहेत. छत्तीस इंच म्हणजे 91.44 सेंटीमीटर. दुकानात 90 मिळते, 95 मिळते, 91.44 चा माणूस कुठे जाणार? त्यातून पँटवाले गिऱ्हाइकाचे मन राखण्यासाठी छत्तीसचा शिक्का मारून आत अडतीसचे कापड देतात, असा माझा जुना संशय आहे. चड्डी असला मुलाहिजा ठेवत नाही. शिवाय एकाच्या खोक्यावरचा मीडियम 80 ते 85 चा, तर दुसऱ्याच्या खोक्यावरचा 85 ते 90 चा. व्याजाचा दर असा शाखेशाखेत वेगळा लावला असता, तर आमची चौकशी लागली असती.

शेठने हा घोळ आपल्या परीने सोडवला. गळ्यातली टेप काढून त्यांनी ती माझ्या कमरेभोवती फिरवली, शर्ट आत खोचलेला, एका खिशात पाकीट, दुसऱ्यात मोबाईल, हे सर्व ऐवज हिशेबात धरून माप घेतले आणि भोकाकडे तोंड करून हाळी दिली, "शंभर टाक रे! पोटवाली!"

"शंभर संपल्यात. पंच्याण्णव हायती," पाय बोलले.

"पंच्याण्णव टाक. ताणलं की बसतंय."

मी "पण डॉक्टरांनी सैल..." इतके म्हणतो न म्हणतो, तोच बाजूच्या बाकड्यावरून आवाज आला, "आवो सायेब, ह्ये कशाला घेताय?"

सत्तरीचे असावेत. डोक्याला फेटा, कान कुस्तीत मोडलेले, मान आणि खांदे यांच्यात सीमारेषा नाही. नातवासाठी बनियन घ्यायला आले होते, आणि बनियन घेऊन झाल्यावरही बसून राहिले होते. का, ते मला लवकरच कळले. त्यांनी माझ्यासमोरचा खोका उघडला, चड्डी बाहेर काढली, ट्यूबलाइटकडे धरून तिच्यातून पलीकडचे कॅलेंडर दिसते का ते पाहिले. दिसले. मग दोन्ही अंगठे नेफ्यात घालून ती छातीएवढी ताणली आणि सोडली. तो फटका ऐकून बायकांच्या गाऊनच्या काउंटरवरील मंडळींनीही वळून पाहिले.

"ह्ये इलास्टिक म्हंजे सरकारी पूल बगा. दोन पावसाळं निघालं तर निघालं," पैलवान म्हणाले. "नाडी मालकाच्या हातात असती. पोट वाढलं, सैल करा. उतरलं, आवळा. तुटली तर गाठ मारा. इलास्टिक गेलं की मानूस गेला."

खरे सांगायचे तर यातील एकही विधान खोडून काढण्याजोगे नव्हते. माझ्या आजोबांची पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी मला आठवते. ती त्यांनी इतकी वर्षे वापरली, की पट्टे गेले पण नाडी गेली नाही. मी आदराने हे सांगितले आणि तिथेच चुकलो. पैलवानांना शिष्य मिळाला. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेच्या मैदानात आपण कोणत्या जोडीत कोणाला कोणत्या डावावर चितपट केले, त्या वेळी अंगावर काय होते, ते कापड कोणत्या मागावरचे होते, गड्याने लंगोटाचा पक्का असावे म्हणजे नेमके काय, आणि आजची पोरे तशी का नाहीत, हे सर्व त्यांनी माझा दंड धरून सांगितले. सुटायचा प्रयत्न मी दोनदा केला, परंतु ज्या हाताने आयुष्यभर पकड केली त्याची सवय वयाबरोबर जात नाही. कुस्ती सुटून पन्नास वर्षे झाली तरी आपल्याला एक दिवस गजकर्ण झालेले नाही, असेही त्यांनी सांगितले. मी तो शब्द उच्चारला नव्हता. हातातला औषधाचा कागद त्यांनी कधी वाचला, देव जाणे.

"वरनं तांबडा लंगोट टाक रं," ते भोकाला म्हणाले.

पायांनी क्षणाचाही विलंब न लावता तो टाकला. चड्डीची शंभर नंबरची साईज नसते, लंगोट मात्र हाताशी असतो, याला काय म्हणावे? पुढचे अर्धे मिनिट मला सलग आठवत नाही. तिकोनी कापड पाठीमागे लागले, दोन्ही बाजूंच्या नाड्या पोटावर आवळल्या गेल्या, लोंबती पट्टी पायांमधून पुढे आली, नाडीखालून ओवली जाऊन पुन्हा मागे गेली आणि तिला एक असा हिसका बसला, की मी चवड्यांवर उभा राहिलो. इस्त्रीची राखाडी पँट, त्यावर तांबडाभडक लंगोट, गळ्यात बँकेचे ओळखपत्र. "आता शड्डू ठोका," पैलवान म्हणाले.

नेमक्या त्याच क्षणी दारातून आवाज आला, "नमस्कार सायेब!"

म्हशीच्या कर्जाचा अर्जदार. आठच दिवसांपूर्वी एक लाखाचा अर्ज घेऊन तो माझ्यासमोर बसला होता, आणि कागदपत्रे अपुरी असल्याचे कारण देऊन मी त्याला परत पाठवले होते. त्याने मला नखशिखांत पाहून घेतले, खोक्यावरचा आकडा वाचला, शेठकडून सर्व हकीकत ऐकली आणि अतिशय सहानुभूतीने म्हणाला, "म्हंजे तुमचंबी अपुरंच पडलं म्हणायचं."

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या नावावर असा एक विचार सांगितला जातो, की अर्थव्यवस्थेची खरी नाडी पुरुषांच्या चड्ड्यांच्या विक्रीवरून कळते. ही वस्तू बाहेरून कोणाला दिसत नसल्यामुळे हात आखडला की पुरुष पहिली काटकसर तिथे करतो. विचार नामांकित खराच, परंतु ग्रीनस्पॅन यांनी महाद्वार रोडवर शनिवारी खरेदी केलेली नसावी. नाहीतर ही वस्तू कोणाला दिसत नाही, असे ते म्हणाले नसते. माझ्या मते पुरुष चड्डी घेण्याचे टाळतो त्यात पैशाचा भाग थोडा आणि दुकानाचा जास्त. प्रसिद्धी भरपूर मिळते, माहिती मात्र शून्य. खोक्यावर पोटाला सहा घड्या असलेला गोरापान तरुण क्षितिजाकडे बघत उभा असतो. कापडात कॉटन किती आणि इलास्टेन किती हे त्याच्या पायाशी, मुंगीने लिहावे तसे छापलेले असते. शेठला विचारले तर "एक नंबर माल आहे" एवढेच कळते. मोडाल नावाचे मऊ कापड बीच नावाच्या झाडाच्या लगद्यापासून करतात, हे मी घरी येऊन वाचले. दुकानात त्याचा उच्चार 'मॉडेल' असा होता आणि मी ते त्या तरुणाला उद्देशून असेल असे समजलो होतो.

शेवटी तिथून निसटण्याच्या घाईत मी पंच्याण्णवच्या तीन घेतल्या, पैलवानांना वाईट वाटू नये म्हणून लंगोटही घेतला, आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आले की तिन्ही चड्ड्यांना इलास्टिक बाहेरचे आहे.

घरी पहिली घातली. कमरेला बसली, पण मांड्यांना काचली. डॉक्टरबाईंनी 'सैल' असे जे बजावले होते ते मांडीबद्दल होते हे मला तेव्हा कळले. आणि मांडीचे माप तर कोणत्याच खोक्यावर छापलेले नसते! आतल्या बाजूला, बरोबर कण्याच्या टोकाशी, नायलॉनची एक कडक पट्टी शिवली होती आणि ती दिवसभर टोचत राहिली. कात्रीने ती काढायला गेलो तर शिवण उसवली. दुसरी धुतली, ती आटली. रविवारी दुकानात गेलो, तेव्हा शेठने न बोलता मागच्या पाटीकडे बोट केले: अंतर्वस्त्रे बदलून मिळणार नाहीत. कारण मला समजते, वापरलेली वस्तू दुसऱ्याला देणे मलाही रुचणार नाही. परंतु घालून पाहता येत नाही, परत करता येत नाही आणि घेताना कोणी नीट सांगतही नाही, अशा रीतीने या जगात चड्डीखेरीज दुसरे काय विकले जाते? म्हैससुद्धा दूध काढून बघून घेतात.

लंगोट अजून कपाटात आहे. एका रात्री दार लावून मी तो बांधून पाहिला. सुती होता, सैलही करता येत होता. पण तो हिसका काही मला जमला नाही.

सोमवारी म्हशीवाला अर्जदार शाखेत आला. सगळी कागदपत्रे पूर्ण करून आणली होती, उतारे, दाखले, डेअरीचे पत्र, सगळे. मी खाली मान घालून चाळत होतो, मागे रांगेत दहाबारा माणसे उभी होती. तो काउंटरवर वाकला आणि साऱ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सायेब, शंभर हजार नसलं जमत, तर पंच्याण्णवच द्या. ताणलं की बसतंय."