बाई, तुमी कदी जानार?

शाळेत बाई म्हणून नोकरीला दोन महिने झाले. तेव्हापासून एकच प्रश्न घरून आणि गावातून, दोन्हीकडून कानावर येतोय. आज रविवार आहे, पाऊस जरा दमलाय, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांब होणार. रेंजसाठी सड्यावर चढून टाकणार आहे, त्यामुळे कमेंटना उत्तरं मिळतील तेव्हा मिळतील.

('सड्यावर जावा, रेंज मिळंल' असं मला पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा मी शेणाचा सडा घातलेलं अंगण शोधत होते. इथे सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट पठार. आमच्या बार्शीकडे सडा पायाखाली असतो, इथे डोक्यावर.)

तर आधी मला घालवायला, म्हणजे नोकरीच्या गावी पोचवायला, आलेल्यांची गोष्ट.

2023 च्या फेब्रुवारीत शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली, पुढच्या वर्षी यादी लागली आणि शाळेचा आदेश हातात पडला जूनमध्ये. जिल्हा रत्नागिरी, तालुका संगमेश्वर. प्राधान्यक्रम मीच भरला होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, संगमेश्वर माहीत होतं ते एवढ्यावरच की 1689 मध्ये संभाजी महाराजांना तिथे पकडलं. 'तिथं पोरगी पाठवायची?' असं ते दोन दिवस म्हणत होते, जणू मुकर्रबखान अजून तिथेच बसलाय.

ठरलं होतं की मी आणि बापू जाऊ. पण आई निघाली, आणि आई निघाली म्हटल्यावर आजी निघाली. आजी 78 वर्षांची, गुडघे गेलेले. नको म्हटलं तर म्हणाली, 'पोरीला सासरी घालवाय सगळी वरात जाती, मग नोकरीला घालवाय का जाऊ नये?' याला घरात कुणाकडे उत्तर नव्हतं.

स्टँडवर कंडक्टरनी हिशेब केला तो ऐकण्यासारखा होता. आजी पंचाहत्तरीच्या पुढची, तिला एसटी फुकट. आई आणि मी बायका, 2023 च्या मार्चपासून आम्हाला अर्धं तिकीट. बापू 63 चे. ज्येष्ठांची सवलत 65 ला सुरू होते. चार माणसांत पूर्ण तिकीट एकट्या बापूंचं. 'घरात किंमत मलाच आहे,' असं म्हणत त्यांनी पैसे काढले. आजीचं आधार कार्ड मिश्रीच्या डबीबरोबर एकाच कापडी पिशवीत असतं, त्यामुळे कंडक्टरच्या हातात ते काळ्या बोटांच्या ठशांसकट गेलं.

सामानात माझी एक बॅग. बाकी सगळं आईचं: अर्धं पोतं मालदांडी ज्वारी, शेंगाचटणीचा डबा, कडक भाकरीची चळत, तवा, काटवट. म्हटलं, आई, तिथे दुकानं आहेत गं. म्हणाली, 'दुकानं असतील, ज्वारी नसंल.' तिचं खरं निघालं.

पहिला मुक्काम कोल्हापुरात मावशीकडे. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीची गाडी. मलकापूर सुटलं आणि आंबा घाट लागला. आम्ही सपाटीची माणसं. आमच्याकडे रस्ता पार टोकापर्यंत दिसतो. इथे पुढचं वळणसुद्धा धुक्यात. आजीला दोनदा ओकारी झाली, आईने तोंडाला पदर लावला आणि बापू 'काय नाही, काय नाही' म्हणत स्वतःच समोरची दांडी धरून बसले. घाट उतरल्यावर साखरप्याला उतरून देवरुखची गाडी धरली. खिडकीबाहेर तांबडी माती, तिच्यावरून वाहणारं तांबडं पाणी. आजी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, 'पाणी वाया चाललंय की गं सगळं.' आमच्याकडे वर्षाला 600 मिलिमीटर पडला तर लोक पेढे वाटतील. इथे 3,000 च्या वर पडतो, तरी उन्हाळ्यात वाड्यांना टँकर लागतो हे मला नंतर कळलं. आजीला ते वाहतं पाणी बघूनच समजलं होतं.

खोली मिळाली ती एका चिऱ्याच्या घराची पडवी आडोसा करून केलेली. मालकीणकाकूंनी चौघांना जेवायला वाढलं. भात, कुळथाचं पिठलं, पुन्हा भात. बापूंनी मान खाली घालून खाल्लं, आणि हात धुताना आईला हळूच विचारलं, 'कडक भाकरी शिल्लक हाय का?' मग गिरणी. गिरणीवाला तांदूळ आणि नाचणी दळणारा. ज्वारी बघून म्हणाला, 'ही आमच्याकडं कोन दळीत नाय.' दळली, पण दगडात आधीचं तांदळाचं पीठ होतंच, ते यात उतरलं. त्या संध्याकाळची भाकरी काठाला पांढरी आणि मधे ज्वारीची झाली. आई म्हणाली, 'झालं, सोयरीक जुळली.'

दुसऱ्या दिवशी परत निघताना गाडीच्या पायरीवरून बापूंनी विचारलं, 'आता बदली कधी?'

अजून मी शाळेत पाऊल टाकलं नव्हतं.

बापूंना दोष देत नाही. सगळे हेच विचारतात. मामाने विचारलं, शेजारच्या काकांनी विचारलं, ज्या मैत्रिणीला विदर्भ मिळाला तिनेही विचारलं. आमच्या पट्ट्यात नोकरी लागली की अर्धं काम झालं, बदली झाली की पूर्ण. मी तर अजून शिक्षण सेवक आहे. तीन वर्षं 16,000 मानधन, मग नियमित, मग कुठे बदलीचं बघायचं. (2023 च्या आधी हेच मानधन 6,000 होतं. तेव्हाच्यांनी काय खाल्लं असेल कोण जाणे. आणि काम पूर्ण शिक्षकाचं, नाव मात्र 'सेवक', यावर एकदा वेगळं लिहीन. आज नको, रक्तदाब वाढतो.)

आता शाळा. पहिली ते चौथी, पट 14. पोषण आहाराचा तांदूळ माणशी 100 ग्रॅम, म्हणजे दिवसाला एक किलो चारशे. माझ्या आईला जावळाच्या जेवणाला याच्या दहापट लागतो. दोन शिक्षक. गुरुजींकडे तिसरी-चौथी, माझ्याकडे पहिली-दुसरी, सात लेकरं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सातातली दोघं आली नाहीत. का आली नाहीत, विचारलं. दुसरीतली एक पोरगी उठून म्हणाली, 'बाई, पऱ्या लय वाडलाय. ती दोगं नाय येनार.'

आता आमच्याकडे पऱ्या म्हणजे प्रशांत, नाहीतर प्रवीण. मला वाटलं, कुणी मोठा पोरगा आहे, त्या दोघांना वाटेत अडवतो. मी आवाज चढवून विचारलं, 'कोण हा पऱ्या? कितवीत आहे? उद्या त्याला माझ्यासमोर उभा करा.'

वर्गात एक क्षण शांतता. मग सगळी पोरं बाकावर आडवी पडून हसली. पलीकडच्या वर्गातून गुरुजी आले, त्यांनाही सांगितलं, तेही हसले. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. दोघांच्या वाडीहून शाळेकडे येताना तो ओलांडावा लागतो. पाऊस धरला की तो वाढतो आणि पोरं पलीकडे अडकतात. मी ज्याला समोर उभं करायला निघाले होते, तो समोर आला असता तर शाळाच वाहून गेली असती.

हसले मीही. पण रात्री झोप लागली नाही. दोनशे प्रश्न, एकशेवीस मिनिटं, अशी परीक्षा मी पास झाले. आकृत्या फिरवल्या, सांकेतिक भाषा सोडवली. आणि सात वर्षांची पोरगी मला सरळ सांगतेय की वाट बंद आहे, ते मला कळलं नाही. कागदावर तिची मातृभाषा मराठी, माझीही मराठी, त्यामुळे सरकारच्या लेखी प्रश्नच नाही. मातृभाषेतून शिक्षण चालू. तिची 'आयस' आणि 'बापूस', माझी 'आय' आणि 'बा', आणि पुस्तकातले 'आई-बाबा' यांच्यामध्ये केवढा घाट आहे ते फक्त आम्हा दोघींना माहीत.

आणि मला ही गोष्ट खुपते ती एका ताईमुळे. ती याच वाडीतली. डी.एड. झालेली, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास, अभियोग्यता चाचणीत थोडक्यात मागे राहिली. मधे शाळेत जागा रिकामी होती, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून तिला मानधन दिलं आणि तिने वर्ष सांभाळलं. माझा आदेश आला आणि तिचं थांबलं. ती माझ्यावर राग धरील असं वाटलं होतं. उलट तिनेच मला एक वही करून दिली: पऱ्या, पाखाडी, गडगा, तरवा, खळं, कवळ. प्रत्येकापुढे अर्थ, आणि कुणाच्या घरापाशी बघायला मिळेल तेही. 'गडगा: बंड्याच्या घराकडं जाताना डाव्या अंगाला.' असा शब्दकोश मी कुठल्या विद्यापीठाचा पाहिला नाही.

कोकणात स्थानिक डी.एड. वाल्यांची मागणी जुनी आहे की इथल्या जागा इथल्यांना द्या. बाहेरचे येतात, वर्षं मोजतात आणि निघून जातात. बार्शीत असताना मी यावर फेसबुकवरच भांडले आहे. 'गुणवत्तेला जिल्हा नसतो' असं ठणकावून लिहिलं होतं. ते वाक्य आता मला तेवढं ठणकावता येत नाही. तरी पूर्ण मागेही घेत नाही. गुरुजी इथलेच, ते म्हणतात की गावातली शिकलेली निम्मी पोरं मुंबईला आहेत, गणपतीला येतील आणि गौरी-गणपती बुडवून परत जातील. नुसतं स्थानिक असून शाळेला माणूस मिळतोच असं नाही.

पण पहिली-दुसरीचं तरी वेगळं धरा, असं माझं म्हणणं आहे. चौथीचा पोरगा बाईंची भाषा पकडतो. पहिलीचं लेकरू गप्प बसतं, आणि आपण लिहितो 'वर्गात प्रतिसाद कमी'. त्याच्यासाठी बोली येणाऱ्या माणसाला परीक्षेत चार गुण जास्त द्यायला काय हरकत आहे? ते नाही जमलं तर माझ्यासारख्या बाहेरच्यांना रुजू व्हायच्या आधी महिनाभर अशा एखाद्या ताईच्या वर्गात मागे बसवा, आणि त्या महिन्याचे पैसे ताईला द्या. प्रशिक्षणं आम्हाला कमी नाहीत. ॲपवर हजेरी कशी भरायची हे मला तीन वेळा शिकवलं गेलंय. पऱ्या म्हणजे काय हे एकदाही नाही.

यावर काही जण म्हणतील, एवढा कळवळा आहे तर राजीनामा दे आणि ताईला जागा दे. नाही देणार. माझ्या बापूंनी दोन एकरावर मला डी.एड. केलंय. आणि मी सोडली तरी ती जागा ताईला मिळत नाही, यादीतल्या पुढच्या नंबरला मिळते. तो कदाचित धाराशिवचा असेल.

आणि आता तोच प्रश्न, गावातून आलेला. गेल्या शनिवारी शाळा सुटताना पहिलीतलं एक पिल्लू दप्तर पाठीला लावून दारात थांबलं आणि म्हणालं, 'बाई, तुमी कदी जानार?' म्हटलं, हे काय, कुलूप लावलं की निघालेच. ते म्हणालं, 'तसं नाय. कायमच्या.'

रडत नव्हतं, रुसलंही नव्हतं. एसटीची वेळ विचारावी तसं विचारलं. त्याच्या मोठ्या बहिणीने चार वर्षांत तीन बाई बघितल्या आहेत, हे नंतर गुरुजींकडून कळलं. बापू विचारतात तेव्हा त्यात आशा असते. याच्या विचारण्यात काहीच नव्हतं, नुसती माहिती हवी होती. मला उत्तर देता आलं नाही. पुढे कधी बदलीचा अर्ज करणार नाही, असं छातीवर हात ठेवून मी आजही म्हणू शकत नाही. आजीचे गुडघे आहेत, बापूंना साखर आहे. त्याला म्हटलं, 'तू चौथी पास होईपर्यंत तरी आहे बघ.' त्याने बोटं मोजली आणि मान हलवली. वर्ष चुकवलं की नाही ते मी तपासलं नाही.

काल घरी फोन लागला. बापूंनी सुरुवातीलाच बदलीचं काढलं, तेवढ्यात आजीने फोन ओढून घेतला. पऱ्याची गोष्ट तिला सांगितल्यापासून ती रोज टीव्हीवर कोकणचा पाऊस बघते. म्हणाली, 'ते राहू दे. पऱ्या उतरला का? ती दोन लेकरं आली का शाळंत?'

आली होती. चिखलाने भरलेली, आणि खेकडा घेऊन.