बारा वर्षांखालील करंडक जिंकण्याची खात्रीशीर रीत

वार्षिक परीक्षा संपल्या की शहरातल्या प्रत्येक मोकळ्या मैदानावर नारिंगी शंकू मांडले जातात आणि गळ्यात शिट्टी अडकवून कोणी ना कोणी गृहस्थ फुटबॉलचा प्रशिक्षक होतो. यंदा ते गृहस्थ आपण असाल, तर प्रथम अभिनंदन. दहा-अकरा वर्षांची पंचवीस-तीस मुले आपल्या स्वाधीन झाली आहेत आणि मेअखेरीस बारा वर्षांखालील स्पर्धा आहे. मुलांना खेळ शिकवावा की करंडक आणावा, असा पेच काही भोळ्या प्रशिक्षकांना पडतो. आपल्याला तो पडू नये, एवढ्यासाठी हे चार शब्द.

निवडीच्या दिवशी मुलांच्या पायांकडे पाहण्यात वेळ दवडू नये, जन्मतारखा पाहाव्यात. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असल्याने जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही कागदोपत्री दोघे बरोबरीचे ठरतात, आणि या वयात वर्षाचा फरक म्हणजे सहज चार बोटे उंची. या चार बोटांनाच ‘उपजत गुणवत्ता’ म्हणण्याची पद्धत आहे. याहून मोठी गुणवत्ता हवी असल्यास जन्मदाखल्याकडे वळावे लागेल. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढण्याची चाचणी अस्तित्वात आहे हे खरे. परंतु आपल्या स्पर्धेत झेरॉक्स चालते, आणि ती जितकी फिकट तितकी सोयीची.

मैदान पूर्ण आकाराचेच असावे, असा आग्रह धरावा. मोठ्यांच्या गोलजाळ्याची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असते. त्या चौकटीत साडेचार फुटांचा, कोपरापर्यंत लांब हातमोजे घातलेला गोलरक्षक उभा केला, की आपली व्यूहरचना आपोआप ठरते: सर्वांत थोराड मुलाने दुरून उंच टोला हाणावा. चेंडू आडव्या खांबाखालून जातो, खाली तो पोरगा दोन्ही हात वर करून उडी मारतो आणि तरीही त्याच्या बोटांच्या वर हातभर मोकळी जागा उरते. यालाच दुसऱ्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘धडाकेबाज विजय’ म्हणतात.

सामना चालू असताना आपण क्षणभरही गप्प बसू नये. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन पेठांची झुंज लागली की अख्खी गॅलरी जेवढा आवाज करते, तेवढा एकट्याने काढण्याचे ध्येय ठेवावे. समजा, आपला एक किडकिडीत खेळाडू चेंडू घेऊन थबकला आहे. समोरून दोघे अंगावर येत आहेत. त्याने मान वर केली आहे, डावीकडचा मोकळा सोबती त्याला दिसला आहे, पायाच्या आतल्या बाजूने चेंडू किंचित वळवून एकाला चकवावे असे काहीतरी त्याच्या मनात आकार घेते आहे. हा क्षण अतिशय धोक्याचा असतो, कारण मुलगा विचार करू लागलेला असतो. नेमके तेव्हाच ‘मार! बाहेर मार!’ असे ओरडावे. दचकून तो चेंडू रेषेबाहेर भिरकावून देईल; त्यावर जोरात टाळ्या वाजवाव्यात. दोन-चार सामन्यांत त्याला मान वर करण्याची सवय राहणार नाही. तरी चुकून त्याने कोणाला चकवलेच आणि चेंडू गमावला, तर मैदानाला पाच फेऱ्या.

सराव सोपा आहे: वीस मुलांची एक रांग आणि एक चेंडू. यात चेंडूची झीज कमी होते आणि मुलांना रांगेत उभे राहण्याचे वळण लागते, ते पुढे रेशनच्या दुकानात उपयोगी पडते.

परदेशात काही वेगळे चालते, असे एखादा वाचाळ पालक सांगेल. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून अकरा वर्षांखालच्या मुलांसाठी गुणतक्त्याची साखळी मोडीत काढली आणि अगदी लहानग्यांना तीन-तीनच्या संघांत, छोट्या गोलजाळ्यांवर खेळायला लावले, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारायला मनाई केली. नॉर्वेत तर एवढ्या वयाच्या मुलांची क्रमवारीच लावत नाहीत. त्याच देशातल्या ब्रिन गावात जगातला आघाडीचा गोलवीर एर्लिंग हालंड वाढला, हा निव्वळ योगायोग समजावा आणि विषय बदलावा. विषय बदलण्यासाठी अनिकेत जाधवचे नाव उत्तम: कोल्हापूरचा मुलगा २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, एवढे म्हटले की पालकांच्या डोळ्यांत चमक येते आणि मागच्या महिन्याची थकलेली फीदेखील येते.

राखीव मुलांचे काय, हा प्रश्न उरतो. त्यांनी शंकू उचलावेत, पाण्याच्या बाटल्या भराव्यात. आपण सहा गोलांनी पुढे असलो, तर शेवटची दोन मिनिटे त्यांना मैदानात सोडावे. फोटो तेव्हाच काढून घ्यावा, म्हणजे ‘सर्वांना संधी’ या मथळ्याखाली माहितीपत्रकात छापता येतो.

तीन-चार वर्षांनी बाकीची मुलेही उंच होतील, आपल्या थोराड खेळाडूचा टोला त्यांच्या छातीवर अडेल, आणि दुसरे काहीच शिकवलेले नसल्याने तो खेळ सोडून देईल. किडकिडीत मुलाने तर त्याआधीच सोडलेला असेल. अशा वेळी ‘हल्लीच्या पोरांना चिकाटीच नाही’ असे म्हणून मान हलवावी आणि नव्या तुकडीचे अर्ज छापायला टाकावेत. जन्मतारखेचा रकाना ठळक ठेवावा.