गवत कापायच्या जुन्या मशीनच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की, वडिलांच्या वेळचं गवत कापायचं पेट्रोल मशीन आमच्याकडे दिलं, आम्ही 2,850 रुपये घेतले आणि 'नुसता कार्बोरेटर धुऊन' परत केलं. महिन्याभरात ते पुन्हा बंद पडायला लागलं. शिवाय मशीन चालू राहायला हँडल सतत दाबून धरावं लागतं, माळीकाकांचा हात दुखतो म्हणून त्या हँडलला तार बांधून मागितली, तर आम्ही चक्क नाही म्हणालो. पैसे मोजून आणलेलं मशीन हिरवळीच्या मधोमध बंद पडलं तर कुणालाही राग येणारच. तरीही यातल्या काही गोष्टी नीट सांगायला हव्यात. अशी मशीनं कोल्हापुरात अजून बऱ्याच बंगल्यांच्या गॅरेजमध्ये पडून आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुमच्या इंजिनाच्या पत्र्यावर ठोकलेला कोड 87 ने सुरू होतो. म्हणजे ते 1987 सालचं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं साडेतीन हॉर्सपॉवरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. आमच्याकडे येण्याआधी एकाने ते पाहून 'इंजिन बसलंय, भंगारात घाला' असं सांगितल्याचं तुम्हीच बोलला होता. ते बसलेलं नव्हतं. या इंजिनांना साधं कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावलं की आकडा कमीच दिसतो, कारण दोरी ओढायला हलकं जावं म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवरच थोडं कॉम्प्रेशन सोडायची सोय केलेली असते. त्यामुळे प्लगची वायर काढून, पातं मोकळं फिरतंय ना ते बघून, आम्ही फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, उलट्या दिशेने झटक्यात फिरवतो. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते जोरात परत उसळतं. तुमचं उसळलं. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह चांगले निघाले, म्हणून तर आम्ही काम हातात घेतलं. नाहीतर त्याच दिवशी मशीन परत दिलं असतं.

प्लगला ठिणगीही होती. पण दोरी ओढली की हातातून हिसकली जात होती. असं झालं की मी कार्बोरेटरला हात लावायच्या आधी फ्लायव्हील काढतो. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) यांच्या मध्ये मऊ धातूची एक छोटी की असते. पातं कधी दगडावर किंवा झाडाच्या मुळावर आपटलं की ती अर्धवट कातरली जाते आणि फ्लायव्हील किंचित सरकतं. फ्लायव्हीलवरचं चुंबक ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलसमोरून चुकीच्या वेळी जातं, म्हणजे ठिणगी पडते पण भलत्याच क्षणी. तुमची की काढली तेव्हा तिच्या मधोमध पायरी पडलेली स्पष्ट दिसत होती. ती तुम्हाला जुन्या प्लगबरोबर पिशवीत घालून दिली आहे. तिच्यावर बोट फिरवून बघा, पायरी हाताला लागेल.

तुम्ही लिहिलंय की 'एवढ्याशा कीसाठी दोन आठवडे थांबवलं'. आम्ही उद्यमनगरात बसतो. शेजारच्या लेथवर लोखंडी की पाच मिनिटांत कापून मिळाली असती आणि मशीन त्याच संध्याकाळी चालूही झालं असतं. पण ही की मुद्दामच मऊ ठेवलेली असते. पातं पुन्हा दगडावर आपटलं की धक्का कीने खायचा असतो. तिथे लोखंड बसवलं तर तोच धक्का क्रँकशाफ्टला बसतो, आणि क्रँक वाकला की इंजिन खरोखरच भंगारात जातं. म्हणून तीच मऊ की बाहेरून मागवली. कार्बोरेटरचा डायफ्राम (पातळ पडदा) आणि पॅकिंगही त्याच पार्सलमध्ये आलं. हे पार्ट इथल्या काउंटरवर मिळत नाहीत.

आता कार्बोरेटर. तुमच्या इंजिनाचा कार्बोरेटर टाकीच्या डोक्यावरच बसतो, त्याला मोटरसायकलसारखा फ्लोट बाउल नसतो. कार्बोरेटर आणि टाकीच्या मध्ये एक पातळ डायफ्राम असतो. इंजिनाच्या झटक्यांवर तो हलतो, टाकीच्या तळातून पेट्रोल वर चढवतो, आणि इंजिन सुरू झाल्यावर चोकही तोच उघडतो. तुमचा डायफ्राम काढला तर पापडासारखा कडक झाला होता. पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी तपकिरी चिकट थराने पूर्ण बुजलेली होती. असा डायफ्राम कितीही धुतला तरी चालत नाही, तो बदलावाच लागतो. टाकीच्या वरच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून खालून 0.05 मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जातंय का, तेही बघितलं. तिथे बाक आला असेल तर नवीन डायफ्रामही हवा ओढतो. तुमची टाकी सपाट होती. मग कॉइलची फट जुळवली, नवीन प्लग 0.76 मिमीवर लावला आणि जुनं काळं ऑइल काढून एसएई 30 भरलं. 2,850 मध्ये पार्टची किंमत थोडी आणि मजुरी जास्त आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पैसे दोष शोधण्याचे आणि खोलून पुन्हा नीट बसवण्याचे आहेत, आणि ते मी सगळ्यांकडून सारखेच घेतो.

टाकीतून जे निघालं ते तुम्हाला काचेच्या बाटलीत दाखवलं होतं. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ थर, तळाला गंज. खालचा थर म्हणजे पाणी आणि इथेनॉल. जून 2022 मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल 10 टक्क्यांवर पोचलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेलं. त्यातलं बरंचसं आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून जातं, ऊस लावणाऱ्याला त्याचा फायदा होतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज फिरणाऱ्या गाडीत पेट्रोल टिकतच नाही, त्यामुळे तिला फारसा त्रास होत नाही. गवताचं मशीन मात्र महिनोन् महिने शेडमध्ये उभं असतं, त्यात आपल्याकडचा जून-जुलैचा दमटपणा. पाणी पुरेसं जमलं की इथेनॉल त्याच्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं. तुमच्या इंजिनाची नळी तर नेमकी तळातूनच ओढते. या जुन्या इंजिनांचे रबर आणि डायफ्राम 20 टक्क्यांसाठी बनवलेलेच नाहीत. छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांतही बहुतेक वेळा 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी असते.

म्हणूनच बिलावर मी हाताने लिहून दिलं होतं: घरातल्या जुन्या कॅनमधलं पेट्रोल वापरू नका, ताजं आणि लागेल तेवढंच आणा, आणि मशीन बरेच दिवस ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तुमच्या तक्रारीत 'घरात पेट्रोल होतंच, तेच घातलं' असं एक वाक्य आहे. मशीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी ठाम काही बोलणार नाही, पण माझा पहिला संशय त्या कॅनवर आहे.

दुसरी शक्यताही आहे, आणि ती तुम्ही घरीच तपासू शकता. तुम्ही लिहिलंय की मशीन सुरू होतं, थोडा वेळ चालतं, गचके खात बंद पडतं आणि जरा थांबलं की पुन्हा सुरू होतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक धूळ आणि गवताच्या भुशाने बुजलं तरी असंच होतं. पेट्रोल कमी होतं तशी आत हवा जायला हवी, ती गेली नाही की पेट्रोल वर चढत नाही. पुढच्या वेळी बंद पडलं की इंजिन गार होऊ द्या, झाकण सैल करून परत घट्ट लावा आणि दोरी ओढा. लगेच सुरू झालं तर दोष झाकणाचा. त्याचे मी पैसे घेणार नाही.

हँडलला तार मात्र मी बांधणार नाही. हे इंजिन मिनिटाला सुमारे 3,000 फेऱ्यांवर चालतं. त्या वेगाला 20 इंची पात्याचं टोक तासाला 280 किलोमीटरच्या वर जातं. हँडल सोडलं की ठिणगी तुटते आणि फ्लायव्हीलला ब्रेक लागतो. अमेरिकेत 1982 पासून नियमच आहे की हँडल सुटल्यावर 3 सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. ओल्या उतारावर माळीकाकांचा पाय घसरला तर त्यांना वाचवणारी तेवढी एकच गोष्ट त्या मशीनवर आहे. त्यांचा हात दुखतो हे खरं आहे आणि त्यावर इलाज करायला हवा. केबल आतून गंजली की हँडल जड जातं. नवीन केबल टाकून, हँडलवर जाड ग्रिप चढवून देतो, निम्मा त्रास तिथेच कमी होईल. फक्त केबलचे आणि ग्रिपचे पैसे द्या.

मशीन घेऊन या. मजुरी घेणार नाही. डायफ्राम पुन्हा कडक झाला असेल तर त्याची किंमत तेवढी लागेल. टाकी रिकामी करून आणा, पण ते पेट्रोल गटारात ओतू नका, कॅनसकट इकडेच आणा. गाडीत ठेवण्याआधी प्लगची वायर काढा. मशीन आडवं करावं लागलं तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरेल आणि सुरू केल्यावर पांढरा धूर येईल. सकाळी आलात तर कार्बोरेटर तुमच्यासमोरच उघडू, माळीकाकांनाही सोबत आणा.