हेलिकॉप्टर परत गेलं म्हणून शिव्या घालणाऱ्यांसाठी

परवा बंदराच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठला, कधीचा, कुणालाच पत्ता नाही. धो धो पाऊस, खवळलेलं पाणी, मधे एक होडी. वर हेलिकॉप्टर येतं, दोन घिरट्या घालतं आणि निघून जातं. खाली आपल्या लोकांच्या प्रतिक्रिया: पगार कशाचा घेतात, भित्रे, एकाने तर बांगड्या भरण्यापर्यंत मजल मारली. माझा हर्णैला बर्फाचा धंदा आहे, दिवसभर तांडेल (बोटीचे कप्तान) आणि खलाशी समोर, त्यामुळे समुद्रावर मत नसलेला माणूस मला भेटतच नाही. पण हे वाचून डोकं फिरलं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी आपल्याच किनाऱ्यावरचं घ्या. जुलै 2024 मध्ये अलिबागजवळ एका जहाजाचं इंजिन बंद पडलं आणि ते भरकटत कुलाबा किल्ल्याच्या बाजूला येऊन अडकलं. वर 14 माणसं. दुसऱ्या दिवशी, 26 जुलैला, तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने चौदाही जणांना सुखरूप उचललं. टाळ्या वाजल्या, बातम्या झाल्या. पण आदल्या संध्याकाळी ‘आत्ताच्या आत्ता का जात नाहीत’ म्हणून आपल्यातल्या निम्म्यांनी हेच शिव्याशाप दिले असते.

त्याच वर्षी 2 सप्टेंबरच्या रात्री पोरबंदरच्या समुद्रात ‘हरी लीला’ या टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर गेलं. आत चौघे होते. ते समुद्रात कोसळलं आणि एकटाच वाचला. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून मला कुणाची चूक काढायची नाही. ‘जीव धोक्यात घालत नाहीत’ म्हणणाऱ्याने एवढं तरी माहीत करून घ्यावं, बस्स.

लोकांना वाटतं हेलिकॉप्टर आलं, दोर सोडला, माणूस उचलला, झालं. प्रत्यक्षात हवेत एका जागी उभं राहायला हेलिकॉप्टरला सरळ उडताना लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. पायलटला खालची होडी दिसत नाही, ती त्याच्या पोटाखाली असते. दारात पट्टा बांधून ओणवा झालेला विंचवाला (विंच म्हणजे दोर खाली-वर करणारं यंत्र) खाली बघून सांगत असतो: पुढे, अजून थोडं, डावीकडे, थांब. तो सांगतोय तोवर होडी लाटेवर वर जाते, खाली येते, शीड नाहीतर काठी मधे येते. दोर होडीत कुठे गुंतला तर हेलिकॉप्टर त्या होडीला बांधलं गेलं असं समजा. म्हणून दोर तोडायची सोय विंचमध्येच दिलेली असते. दोराला माणूस लटकत असतानाही वरच्यांसाठी तो तोडायची वेळ येऊ शकते, हे गृहीत धरूनच ते यंत्र बनवलेलं आहे. ज्याच्या हाताशी ते बटण आहे त्याला भित्रा म्हणायला जीभ रेटत असेल तर बोलणंच खुंटलं.

त्यात चेतकसारखं जुनं हेलिकॉप्टर एका इंजिनाचं. होडीवर उभं असताना ते इंजिन गेलं तर सावरायला उंचीही नाही आणि वेगही नाही. तरीही 17 जून 2021 ला रेवदंड्यासमोर ‘मंगलम’ हे जहाज बुडायला लागलं तेव्हा दिघीहून निघालेल्या तटरक्षक दलाच्या जहाजाच्या जोडीला चेतकच होती, आणि 16 च्या 16 जण वाचले.

त्रिकूट पर्वतावरचा रोपवे आठवतोय? एप्रिल 2022, झारखंडमध्ये देवघरजवळ, ट्रॉल्या माणसांसकट हवेतच अडकल्या होत्या. हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या वाऱ्याने ट्रॉल्या झोके घेत होत्या आणि त्यातून हवाई दल एकेकाला ओढून काढत होतं. अंधार पडला तसं काम थांबवलं. माणसं रात्रभर ट्रॉलीतच, सकाळी पुन्हा सुरुवात. इतकं सांभाळूनही वर घेताना दोघांचा पडून जीव गेलाच.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. वारा, ढग, अंधार, इंधन, वजन यांचे जे नियम आहेत त्यात कुणीही, अगदी मंत्र्यानेसुद्धा, बोट घालू नये. पायलट नाही म्हणाला की नाही. अमेरिकेत हवाई रुग्णवाहिकेच्या बऱ्याच सेवांमध्ये पायलटला पेशंट कोण, लहान मूल आहे की म्हातारा, हे मुद्दाम सांगतच नाहीत. हवामान बघून तो जाऊ किंवा नको म्हणतो, मगच पुढचं. मला आधी हे निर्दय वाटलं होतं. आता वाटतं यापेक्षा माणुसकीचं काही नाही, कारण ‘आत पाच वर्षांची पोर आहे’ हे ऐकल्यावर कुठल्या बापाला ढग जेवढा आहे तेवढाच दिसेल?

पण नियम म्हणजे फक्त तेच नाहीत. कुणी कुणाला पत्र द्यायचं, जिल्ह्यातून मागणी वर कधी जायची, साहेब बैठकीत आहेत, हेही नियमच. सगळी घाई करायची ती इथे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने कलेक्टरला जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा प्रमुख केलंय. पाऊस लागून राहिला, वशिष्ठी आणि सावित्री या नद्या फुगायला लागल्या की मागणी त्याच क्षणी गेली पाहिजे, चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागल्यावर नव्हे. ढग खाली येण्याआधीचे ते तास हेच खरे उडायचे तास असतात. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली तेव्हा महाड पाण्यात होतं, रस्ते बंद, आणि मोठी पथकं पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोवर गावकरीच मातीत हात घालून शोधत होते. सह्याद्रीच्या कुशीत ढग टेकलेले असताना हेलिकॉप्टरकडून चमत्काराची अपेक्षा करणं म्हणजे स्वतःची फसवणूक. तिथे उपयोगी पडलं असतं ते आधीच हलवलेलं गाव.

आता अवघड प्रश्न. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं आणखी एक ध्रुव पडलं, तिघे गेले, आणि देशभरची ध्रुव जमिनीवर बसवली. म्हणजे सुरक्षेसाठीच वाचवणारं साधन काढून घेतलं. त्या काळात समुद्रात कुणी अडकला असता तर? यावर आमचा एक तांडेल म्हणाला, “आमची बोट गळकी आहे म्हणून आम्ही दर्यात जायचं थांबतो का?” मी म्हटलं, थांबत नाहीस, म्हणूनच तुला न्यायला कुणीतरी यावं लागतं. हसला, पण पटलं नाही. माझंही पूर्ण समाधान नाही. यंत्रात दोष असण्याची शंका असेल तर ते उडवू नये हे बरोबरच. मात्र एकाच जातीच्या यंत्रावर सगळा किनारा टांगून ठेवायचा आणि ते थांबलं की हात वर करायचे, हा सुरक्षेचा नियम नव्हे, ही तयारीची बोंब आहे.

तयारी म्हटलं की आपण सरकारकडे बोट दाखवतो. आपल्या गावांत काय आहे? हेलिकॉप्टर उतरेल असं मैदान म्हणाल तर शाळेचं, त्याच्या एका अंगाला माड, दुसऱ्या अंगाला विजेची तार. पत्र्याची शेड बाजूलाच, पंख्याच्या वाऱ्याने पत्रे उडाले की आणखी दोघे जखमी. मे 2024 मध्ये महाडला एका नेत्याला न्यायला आलेलं खासगी हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळलं, नशिबाने पायलट वाचला. ते पावसाळ्याच्या महिनाभर आधी, पूर नसताना. मग पुरात काय होईल?

बोटीवर तर आनंदच. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा 1554 हा फुकट नंबर आहे, तो आमच्याकडे बर्फ न्यायला येणाऱ्यांना विचारला तर निम्मे गप्प. डॅटचं, म्हणजे संकटाचा संदेश पाठवायचं यंत्र दिलेलं असतं, ते केबिनमध्ये कपड्यांखाली. मागे एकाच्या छातीत कळ आली तेव्हा फोनवर जागा काय सांगितली, तर ‘हर्णैच्या समोर, तीन तास बाहेर’. जीपीएस पुढ्यात लावलेला, पण आकडे वाचून दाखवायचं सुचलं नाही. अशा वेळी हेलिकॉप्टरचं इंधन शोधण्यातच जातं, उचलायला काय उरणार? आणि हुक खाली आला की लगेच झडप घालायची नाही, आधी तो पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्यायचा, त्यात वीज साठलेली असते, झटका बसतो. हे किती जणांना माहीत आहे?

31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते आणि नारळी पौर्णिमेची वाटही न बघता अर्ध्या बोटी बाहेर पडतील, पाऊस ओसरला असो वा नसो. त्याआधी मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत तांडेलांना हे सगळं एकदा करून दाखवायचं ठरवलंय. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला मैदानावरची तार हलवायचा अर्जही देतोय, वीज मंडळाकडे आधी दिलेला कुठे गेला देव जाणे. तुमच्या गावात हेलिकॉप्टर उतरायला कुठली जागा आहे आणि तिच्यावरून तार कुठून जाते, तेवढं खाली लिहा. शिव्या नंतर घाला.