पोरांच्या वजनकाट्याबद्दल

"पोरगं बुजरं आहे, अंगानं काटकुळं आहे, तालमीत घाला, सुधारेल." कोल्हापुरात हा सल्ला मागायला जावं लागत नाही, चहाच्या गाड्यावर फुकट मिळतो. आता तालमीच्या जोडीला कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंगचे क्लास गल्लोगल्ली झालेत आणि तिथल्या फलकांवरही 'आत्मविश्वास वाढवा' असं लिहिलेलं असतं. सल्ला बरोबरच आहे, फक्त अर्धा आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ नसेल त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला तरी चालेल.

आधी चांगलं ते. माझा भाचा नववीत असताना पंचगंगेत पोहायलाही टी-शर्ट घालून उतरायचा. त्या वयात बऱ्याच मुलांची छाती थोडी सुटते, पुढं आपोआप बसते, पण ते त्याला कोण सांगणार? वर्गातली पोरं नको ते नाव ठेवून मोकळी. तालमीत गेला तर पहिल्याच दिवशी हातात लंगोट. हौद्यात, म्हणजे तालमीतल्या लाल मातीत, सगळेच तसे. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या बरगड्या मोजता येतील अशा, एकाच्या पाठीवर भाजल्याचा मोठा डाग. बघायला कुणाला सवड नव्हती, कारण पुढच्या क्षणी समोरच्याची मान धरायची होती. वस्ताद त्याच्या छातीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. "मान धरली की खाली का बघतोस रं? माती काय पळून चाललीय?" एवढंच. पावसाळा संपेपर्यंत गडी उघड्या अंगानं जोर मारत होता. शरीर कसं दिसतं यापेक्षा ते काय करतं हे महत्त्वाचं, असं व्याख्यान देऊन पटत नाही. लाल माती अंगाला लागली की पटतं.

पण मॅटवरच्या स्पर्धा सुरू झाल्या की काटा येतो. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, तायक्वांदो, सगळीकडे वजनगट. गट असायलाच हवेत, नाहीतर बारक्या पोरांची हाडं मोडतील. त्रास सुरू होतो तो 'एक गट खाली उतर, तिथं सोपं पडेल' या वाक्यापासून.

आमच्या शेजारची मुलगी ५३ किलोत खेळते, अकरावीला आहे. कोच म्हणतात ४९ मध्ये पदक नक्की. आजी म्हणते खांदे बापईगत झाले, पुढं स्थळं कशी यायची. मोबाइलमधल्या रील्स सांगतात कंबर जाड आहे. एकच पोरगी, तिन्ही ठिकाणी नापास! परवा जिन्यात थांबवून मला हळूच विचारलं, "काकू, दोन महिने पाळी नाही आली, मैत्रीण म्हणते बरंच झालं, स्पर्धेत कटकट नाही." बरं कसलं डोंबलाचं झालं. मेहनत प्रचंड आणि पोटात अन्न कमी, असं सतत झालं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात. तिला डॉक्टरकडे नेलं. तिथंही आईचा पहिला प्रश्न 'स्पर्धा खेळता येईल ना?' हाच.

विनेश फोगाटचं पॅरिस ऑलिंपिक सगळ्यांना आठवत असेल. ६ ऑगस्ट २०२४ ला तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं, अंतिम फेरी गाठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोला १०० ग्रॅम जास्त भरली. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही. आपण सगळे त्या १०० ग्रॅमवर हळहळलो. मुळात आधी ५३ किलोत खेळणाऱ्या बाईला ५० मध्ये का उतरावं लागलं, यावर फार कमी बोललो. घरोघरी पोरींनी मात्र बरोबर धडा घेतला: केससुद्धा कापायचे असतात.

मुलांचं वेगळंच. त्यांना उतरायचं नसतं, फुगायचं असतं. तालमीतून निघून जिमच्या आरशासमोर. दंड चांगले भरलेले असूनही 'मी बारीकच' वाटत राहतं, दिवसातून दहादा मोजून बघतात. हॅरिसन पोप या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं नव्वदच्या दशकातच यावर लिहिलंय आणि २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत त्याची नोंद आहे. आपल्याकडे त्याला अजून 'पोराला बॉडीचा नाद लागलाय' म्हणतात. वर मेफेंटरमाइनची इंजेक्शनं. शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध, आणि पोरं व्यायामाआधी टोचून घेतात. पूर्वी खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई होती हो.

खाशाबा जाधवांचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातली एक गोष्ट राहून जाते. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेटला, म्हणजे ५२ किलोत खेळले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत एक गट वर, ५७ किलोत खेळले आणि कांस्यपदक आणलं. वर जाऊन!

अमेरिकेत १९९७ च्या शेवटी महिना-सव्वा महिन्यात तीन कॉलेजचे मल्ल वजन उतरवताना गेले, तेव्हा कुठे तिथल्या कॉलेज कुस्तीचे नियम बदलले. घाम काढायची सॉनाची गरम खोली आणि रबरी सूट बंद, वजन कुस्तीच्या अगदी आधी, आणि प्रत्येकाचं किमान वजन हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवलेलं. आपल्या शालेय स्पर्धांतही हेच हवं. अठराच्या आतल्या पोरांचं वजन मॅटवर चढायच्या तासभर आधी करा, म्हणजे उपाशी राहून परत फुगायला वेळच उरणार नाही. शाळा सुरू होताना डॉक्टरनं ठरवलेल्या वजनाच्या खालच्या गटात नाव घेऊ नका. आणि जत्रेतल्या रेवडीच्या कुस्त्या, म्हणजे बारक्या पोरांच्या रेवड्या बक्षीस असलेल्या कुस्त्या, जपा. पंच दोन पोरांचे हात धरून मैदानभर फिरवतो, लोक नजरेनंच जोड बघतात, "बरोबर हाय, लावा!" म्हणतात. काटा लागत नाही. जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयाला मी हे लेखी देणार आहे. सही करायला कोण कोण येतंय ते खाली लिहा, आणि कोचनी विशेष करून लिहा.